वेगळ्या खोलीची अट

बेंगळुरूच्या इंदिरानगरात शंभर फुटी रस्त्यावर किंवा बाराव्या मेनवर कॉफी प्यायला बसलं, की शेजारच्या टेबलावर कोणी ना कोणी काहीतरी विकत असतं. वस्तू बहुधा दिसत नाही. दिसतो तो लॅपटॉप, त्याच्या पडद्यावर सरकणाऱ्या स्लाइड्स, हातवारे करणारा तरुण फाउंडर आणि समोर कॉफी गार होऊ देणारा गुंतवणूकदार. 'पिच', 'डेमो', 'सीड राउंड' हे इथले रोजचे शब्द. बेंगळुरूला कधीच न गेलेल्यांनाही इंदिरानगरचं नाव ओळखीचं झालं ते २०२१ च्या एप्रिलमध्ये. वाहतुकीच्या कोंडीत भडकलेला राहुल द्रविड स्वतःला इंदिरानगरचा गुंड म्हणवतो, अशी ती 'क्रेड' या अ‍ॅपची जाहिरात होती. म्हणजे वस्तीची कीर्तीसुद्धा एका विक्रीच्या निमित्तानेच पसरली.

या टेबलांवर सगळ्यात जोरात विकलं जाणारं आश्वासन म्हणजे अंतर पुसून टाकण्याचं. तिकडे बोलाल ते इकडे ऐकू येईल, मनात आणाल ते समोरच्याला कळेल, भाषेची अडचण नाही, तारेची नाही, टॉवरची नाही. असं आश्वासन देणारा माणूस स्टार्टअपच्या युगात जन्मलेला नाही.

१८५० मध्ये पॅरिसमध्ये जाक तूसाँ बेन्वा नावाचा एक गृहस्थ हिप्पोलित त्रिया या व्यायामशाळा चालवणाऱ्या सधन माणसाच्या मागे लागला. त्याचं म्हणणं असं, की दोन गोगलगाई एकदा जवळ आल्या की त्यांच्यात कायमचा अदृश्य धागा तयार होतो. मग एक पॅरिसमध्ये असो नि दुसरी अमेरिकेत, एकीला डिवचलं की दुसरी हलते. अक्षरागणिक एक अशा चोवीस गोगलगाई इकडे आणि त्यांच्या चोवीस जोडीदारणी तिकडे ठेवल्या की तारेविना संदेश पोचणार! त्रियाने जागा दिली, पैसा दिला, लाकडाचे सांगाडे उभे राहिले. २ ऑक्टोबर १८५० रोजी प्रयोग झाला, पण दोन्ही यंत्रं एकाच खोलीत होती आणि बेन्वा काही ना काही निमित्ताने या यंत्राकडून त्या यंत्राकडे फेऱ्या मारत होता. तरी अक्षरं चुकलीच. पाहायला आलेला पत्रकार झ्यूल आलिक्स मात्र भारावला आणि त्याने 'ला प्रेस'मध्ये कौतुकाचा लेख लिहिला. त्रियाने दुसऱ्या, जास्त कडक चाचणीची अट घातली. बेन्वाने ती मान्य केली आणि तो नाहीसा झाला.

या गोष्टीत हसण्यासारखं पुष्कळ आहे, पण लक्षात ठेवावी अशी व्यक्ती त्रिया आहे. आधी फसला, पण शेवटी त्यानेच नेमका प्रश्न विचारला. विकणारा जो डेमो दाखवतो त्याची खोली, वेळ आणि प्रकाश त्याने स्वतः निवडलेला असतो. खरी परीक्षा विकत घेणाऱ्याने निवडलेल्या जागी होते. यंत्रं वेगळ्या खोल्यांत ठेवा, ही अट प्रत्येक शतकात नव्याने घालावी लागते, आणि ती घालायला नुसती हुशारी पुरत नाही. याचा पुरावा पुण्याजवळ दिघीला सापडतो.

पुण्याचं आणि बिनतारी संदेशांचं नातं जुनं. १९२७ मध्ये भारत आणि ब्रिटनला जोडणारी बिनतारी तारसेवा सुरू झाली तेव्हा तिची इथली केंद्रं खडकी आणि दौंडला होती. १९७१ मध्ये जुन्नर तालुक्यातल्या आर्वीला उपग्रह संपर्काचं 'विक्रम' भूकेंद्र सुरू झालं. नव्वदच्या दशकात पुण्याजवळच, दिघीला, 'इरिडियम' या उपग्रह फोनसेवेचं प्रवेशद्वार, म्हणजे गेटवे, उभं राहिलं.

इरिडियमची जन्मकथा विक्रेत्यांच्या फार आवडीची. १९८५ मध्ये मोटोरोलातले अभियंते बॅरी बर्टिगर सुट्टीवर बहामाला गेले होते. तिथून त्यांच्या पत्नी कॅरन यांना कामाचा एक फोन लावायचा होता आणि तो लागेना. जगात कुठूनही लागेल असा फोन तुम्ही लोक का बनवत नाही, असं त्या म्हणाल्या. त्यातून ७७ उपग्रहांची कल्पना निघाली. इरिडियम या मूलद्रव्याचा अणुक्रमांक ७७, म्हणून प्रकल्पाचं नाव इरिडियम. पुढे आराखडा बदलून उपग्रह ६६ वर आले, नाव मात्र तेच राहिलं. १ नोव्हेंबर १९९८ रोजी सेवा सुरू झाली. अमेरिकेचे उपाध्यक्ष अल गोर यांनी पहिला फोन केला तो अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांचे पणतू गिल्बर्ट ग्रोव्हनर यांना. जाहिरातीवर जगभर १८ कोटी डॉलर उधळले गेले.

तंत्रज्ञान थक्क करणारं होतं, यात शंका नाही. जमिनीपासून सुमारे ७८० किलोमीटर उंचीवरून, साधारण शंभर मिनिटांत पृथ्वीला एक फेरी घालणारे उपग्रह एकमेकांशी बोलत आणि संभाषण एकाकडून दुसऱ्याकडे सोपवत. पण हा फोन इमारतीत चालत नसे. मोटारीत चालत नसे. त्याला डोक्यावर मोकळं आकाश लागे. ज्या व्यवस्थापकांसाठी तो बनवला होता ते दिवसभर असत इमारतीत नाहीतर मोटारीत! हँडसेट विटेएवढा, किंमत तीन हजार डॉलरच्या आसपास, बोलण्याचा दर मिनिटाला तीन ते आठ डॉलर. आणि कल्पना सुचून सेवा सुरू होईपर्यंतच्या वर्षांत खाली जमिनीवर साधा मोबाइल शहरामागून शहरं घेत सुटला होता. ३१ मार्च १९९९ पर्यंत कर्ज देणाऱ्यांच्या अटीनुसार ५२ हजार ग्राहक व्हायला हवे होते, झाले जेमतेम दहा हजार. १३ ऑगस्ट १९९९ रोजी कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. सुमारे पाच अब्ज डॉलरचा तो सगळा पसारा पुढे अडीच कोटी डॉलरला विकला गेला.

बहामाचा तो किनारा हाच या विक्रीतला खरा डेमो होता. मोकळं आकाश, समोर समुद्र, अडलेलं काम. त्या एका प्रसंगात इरिडियम अगदी चपखल बसतो. माणसाचे बाकीचे दिवस कसे जातात, हे त्या गोष्टीत कुठे येतच नाही. आग्रही विक्रेता नेहमी असा एखादा प्रसंग विकतो, आणि घेणारा आपलं सगळं आयुष्य त्या प्रसंगात बसवून पाहतो.

भारतात हा प्रसंग विकत घेणारे लोक भोळेभाबडे नव्हते. इरिडियम इंडिया टेलिकॉम या कंपनीमागे आयडीबीआय, स्टेट बँक, आयुर्विमा महामंडळ अशा बड्या संस्था होत्या. त्यांचे सुमारे सात कोटी डॉलर बुडाले. २००१ मध्ये या कंपनीने पुण्याच्या प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे मोटोरोलाविरुद्ध फसवणूक आणि कटाची फौजदारी तक्रार दाखल केली. १९९२ च्या माहितीपत्रकात प्रकल्पाचं चित्र खोटं रंगवलं आणि महत्त्वाच्या गोष्टी दडवल्या, असा आरोप होता. मोटोरोलाचं उत्तर असं, की धोक्यांचे इशारे त्याच माहितीपत्रकात होते आणि घेणारे व्यवहारात मुरलेले होते. २००३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कारवाई रद्द केली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं.

तिथे उभा राहिलेला प्रश्न कायद्याच्या पुस्तकाबाहेरही महत्त्वाचा आहे. फसवणुकीला हेतू लागतो, हेतूला मन लागतं, आणि कंपनीला मन कुठे असतं? २० ऑक्टोबर २०१० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की कंपनीचा कारभार ज्यांच्या इच्छेने चालतो त्यांचा हेतू हाच कंपनीचा हेतू धरता येतो. गुन्ह्याला हेतू लागतो, एवढ्यावरून कंपनी सुटत नाही. आवश्यक माहिती न सांगणं हेही दिशाभूल करणं ठरू शकतं, असंही न्यायालयाने नोंदवलं. भारतीय दंड संहितेच्या कलम ४१५ च्या स्पष्टीकरणात तर ते आधीपासूनच होतं: अप्रामाणिकपणे वस्तुस्थिती लपवणं म्हणजे फसवणूक. मोटोरोला दोषी आहे असं न्यायालय म्हणालं नाही. खटला चालू शकतो, इतकंच म्हणालं.

स्वप्न विकणारा आणि लबाड यांच्यातली सीमारेषा इथे नीट दिसते. आश्वासन किती उंच होतं यावरून ती ठरत नाही. उंच आश्वासनं दिली नसती तर एकही उपग्रह उडाला नसता. यंत्राच्या मर्यादा विकणाऱ्याला कधी कळल्या आणि घेणाऱ्याला त्या कधी सांगितल्या गेल्या, या दोन तारखांमधलं अंतर पाहावं लागतं. छापील इशारे या अंतरावर पडदा टाकू शकतात. बारीक टायपातल्या धोक्यांची यादी वाचून कोणी सही थांबवत नाही, हे छापणाऱ्यालाही ठाऊक असतं.

कधीकधी तर हे अंतर मोजायला कोर्टाचीही गरज पडत नाही. १७ फेब्रुवारी २०१६ रोजी दिल्लीत रिंगिंग बेल्स या कंपनीने २५१ रुपयांचा स्मार्टफोन जाहीर केला. पत्रकारांना दिलेल्या फोनवर अ‍ॅडकॉम या दुसऱ्याच कंपनीचं नाव व्हाइटनर फासून झाकलेलं होतं. आपण ते फोन प्रत्येकी सुमारे ३,६०० रुपयांना विकले होते, असं अ‍ॅडकॉमने नंतर सांगितलं. मुंबईचे खासदार किरीट सोमय्या यांनी चौकशीची मागणी केली. तरी सात कोटींहून अधिक लोकांनी नोंदणी केल्याचा कंपनीचा दावा होता. ही नुसती हाव म्हणून सोडून देता येत नाही. स्मार्टफोन परवडत नसलेल्या माणसाला त्या फोनची गरज खरी होती, आणि खोट्या वस्तूची विक्री नेहमी खऱ्या गरजेच्याच खांद्यावर बसून होते.

याच्या अगदी उलट गोष्ट बेंगळुरूनेच घडवली. स्वामी मनोहर, विजय चंद्रू, रमेश हरिहरन, व्ही. विनय हे भारतीय विज्ञान संस्थेतले प्राध्यापक आणि एन्कोर सॉफ्टवेअरचे विनय देशपांडे यांच्या मंडळींनी 'सिम्प्युटर' हा हातात मावणारा स्वस्त संगणक आखला. भारतीय भाषांत मजकूर वाचून दाखवणारा, निरक्षरालाही वापरता यावा असा. स्मार्टकार्डची सोय होती. एकेकाला विकत घेणं जमलं नाही तरी एकच यंत्र गावभर वापरता यावं, हा त्यामागचा विचार. २००१ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सच्या मासिकात त्याचं मोठं कौतुक छापून आलं. २००४ च्या एप्रिलमध्ये भारत इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यात बनलेला 'अमिडा सिम्प्युटर' ९,९५० रुपयांपासून बाजारात आला. हात हलवला की ओळखणारा संवेदक त्यात होता, आणि आयफोन यायला तेव्हा तीन वर्षं होती. मात्र विक्री काही हजारांपुढे सरकली नाही. बोलणाऱ्याचे हुलगे खपतात आणि न बोलणाऱ्याचे गहू पडून राहतात, असं जुनी माणसं म्हणत. सिम्प्युटरचं काहीसं तसं झालं, पण दोष फक्त न बोलण्याचा नव्हता. ज्या खेड्यासाठी तो होता तिथे दहा हजार रुपये कोण देणार, याचं उत्तर यंत्रात नव्हतं. त्याच सुमारास नोकियाने ११०० हा फोन आणला. धूळ आत न जाणारी बटणं, वीज गेली की कामाला येणारी विजेरी, बस्स. तो जगभर पंचवीस कोटींवर विकला गेला. त्याला कोणी जादू म्हटलं नाही.

जादू म्हणवणारं यंत्र पुन्हा आलं ते २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये. अ‍ॅपलमधून बाहेर पडलेल्यांच्या 'ह्युमेन' कंपनीने छातीवर लावायची एक पिन दाखवली. तिच्याशी बोला, ती उत्तर देईल, भाषांतर करील, तळहातावर लेझरने अक्षरं उमटवील. किंमत ६९९ डॉलर, शिवाय महिन्याला २४. परीक्षकांच्या हातात पिन पडली तेव्हा कळलं की उत्तरं उशिरा येतात, चुकतात, पिन तापते आणि उन्हात तळहातावरची अक्षरं दिसत नाहीत. २०२५ च्या फेब्रुवारीत एचपीने कंपनीचा बराचसा भाग ११.६ कोटी डॉलरला घेतला. २८ तारखेनंतर लोकांनी विकत घेतलेल्या पिना बंद पडल्या. इरिडियम निदान बुडूनही चालू राहिला. जहाजं, सैन्यदलं, दुर्गम भागातली बचावपथकं अशा खऱ्या गिऱ्हाइकांपर्यंत तो अखेर पोचला, कारण मोकळं आकाश हीच त्यांची रोजची जागा होती. भारतात मात्र परवान्याशिवाय उपग्रह फोन बाळगणं गुन्हा आहे, आणि असे फोन घेऊन आलेल्या परदेशी पाहुण्यांना विमानतळांवर पोलिसांना तोंड द्यावं लागलं आहे. कुठूनही फोन लागेल, या वाक्यात सरकार नावाची अडचण कोणी मोजलेली नव्हती.

आता आकाशातून पुन्हा विक्री सुरू आहे, या वेळी इंटरनेटची. ५ नोव्हेंबर २०२५ रोजी महाराष्ट्र सरकारने स्टारलिंक कंपनीशी इरादापत्रावर सही केली. गडचिरोली, नंदुरबार, धाराशिव, वाशिम अशा जिल्ह्यांतल्या शाळा, आरोग्य केंद्रं आणि सरकारी कार्यालयं उपग्रहाने जोडण्याचा बेत आहे. साडेपाचशे किलोमीटरवरच्या उपग्रहांचं हे जाळं प्रत्यक्षात चालतं, लाखो लोक ते वापरतात, आणि टॉवर न पोचलेल्या गावांना त्याची गरज आहे. त्यामुळे प्रश्न यंत्राच्या खरेपणाचा उरत नाही. दर पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर येऊन गडचिरोलीतल्या भामरागडचा रस्ता तुटतो. तेव्हा वीज गेल्यावर उपग्रहाशी जोडणारी तबकडी किती तास चालेल, बिघडली तर दुरुस्तीला कोण आणि कोणत्या वाटेने येईल, सुरुवातीचा निधी संपल्यावर महिन्याचं भाडं कोणाच्या खात्यातून जाईल, हे आधी लिहून मागायला हवं. मागणाऱ्यांमध्ये तिथल्या आरोग्य केंद्राचा डॉक्टर असावा, आणि पहिली चाचणी ऑगस्टमध्ये, त्याच्याच दवाखान्यात व्हावी.