उद्याची गोष्ट अड्याळनेही लिहावी

विज्ञानकथा ही शहरी वाचकाची चैन आहे, हा समज मराठीत अजून टिकून आहे. कृष्णविवरे आणि यंत्रमानव यांचा धानाच्या बांध्यांशी काय संबंध, असे सहज विचारले जाते. खगोलशास्त्रज्ञ आणि विज्ञानकथालेखक डॉ. जयंत नारळीकर २० मे २०२५ रोजी गेले. त्यांचे लेखन भंडारा जिल्ह्यातल्या अड्याळसारख्या गावात बसून वाचले, तर हा संबंध किती जवळचा आहे ते कळते.

नारळीकरांनी १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली, ती ‘नारायण विनायक जगताप’ या टोपणनावाने. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून पत्नी मंगलाताईंनी ती लिहून काढली. केंब्रिजचे रँग्लर, खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉईल यांचे सहकारी, १९६५ सालचे पद्मभूषण, ही सारी ओळख त्यांनी बाजूला ठेवली. कथेला पहिले पारितोषिक मिळाले. लिहिणाऱ्याचे वजन न पाहता लिहिलेले तपासावे, ही विज्ञानाची शिस्त त्यांनी स्वतःपासून सुरू केली.

पुढे फलज्योतिषाच्या चाचणीतही त्यांनी हीच शिस्त पाळली. अंधश्रद्धा निर्मूलन चळवळीचे डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि इतर सहकाऱ्यांसह घेतलेल्या या चाचणीत ज्योतिषांना फक्त पत्रिका दिल्या गेल्या. त्यांतल्या हुशार मुलांच्या कोणत्या आणि मतिमंद मुलांच्या कोणत्या, एवढेच सांगायचे होते. उत्तरे देणाऱ्या २७ ज्योतिषांचे यश सरासरी ४६ टक्के निघाले. नाणे उडवूनही साधारण तेवढेच यश मिळाले असते.

हीच शिस्त त्यांच्या कथांचाही गाभा आहे. ‘धूमकेतू’ कथेत पृथ्वीवर येणारे संकट शास्त्रज्ञ गणिताने आणि यानाने टाळतात. धूमकेतू शोधणाऱ्याच्या घरी मात्र श्रेय संकट टळावे म्हणून केलेल्या यज्ञाला दिले जाते. संकट टळले तरी विचार बदलला नाही, ही या कथेची खरी वेदना आहे. ‘गंगाधरपंतांचे पानिपत’मध्ये पानिपतच्या लढाईत विश्वासरावांना गोळी लागत नाही आणि १७६१ नंतरचा सारा इतिहास वेगळा घडतो. जे घडले ते अटळ नव्हते, एवढा एक विचार वाचकाच्या मनात रुजला तरी ती कथा सार्थ झाली.

नारळीकरांची पात्रे सपाट आहेत, कथेत मधूनच व्याख्यान येते, हा आक्षेप काही अंशी खरा आहे. पण त्यांच्या कथेचा नायक बहुधा माणूस नसून एखादी शक्यता असते. त्या शक्यतेचे परिणाम ते शेवटपर्यंत प्रामाणिकपणे तपासतात. मराठी कथेत मनाचा तळ शोधणारे लेखक पुष्कळ झाले. अशी तपासणी करणारे थोडेच.

आणि अड्याळला गरज आहे ती याच तपासणीची. अड्याळ ज्या पवनी तालुक्यात आहे, त्याच तालुक्यात वैनगंगेवर गोसेखुर्द धरण उभे राहिले. १९८८ मध्ये त्याची पायाभरणी झाली, २००९ मध्ये त्याला राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाला. सुमारे अडीच लाख हेक्टरच्या सिंचनाचे स्वप्न होते. त्यासाठी अनेक गावांना आपली जागा सोडावी लागली. एका परिसराच्या भविष्याची एवढी मोठी कल्पना मांडली गेली, पण ती रचताना इथल्या माणसांच्या हाती लेखणी नव्हती. पाणी कुठवर चढेल, कालवा कोणत्या शेतापर्यंत पोहोचेल, जुन्या मालगुजारी तलावांचे काय होईल, असे प्रश्न आधीच कल्पून पाहण्याची सवय ज्या समाजाला असते, तो नकाशा समोर आल्यावर गप्प बसत नाही.

स्वाक्षरी मागणाऱ्या मुलांना नारळीकर सांगत, पोस्टकार्डावर प्रश्न विचारा, उत्तराखाली माझी सही असेल. ते पोस्टकार्ड पुण्याहून टाकले काय आणि अड्याळहून टाकले काय, उत्तराचा हक्क सारखाच. हा वारसा पुढे न्यायचा तर गावच्या वाचनालयात ‘यक्षांची देणगी’ हा त्यांचा कथासंग्रह असावा आणि शाळेत निबंधाचा एक विषय पन्नास वर्षांनंतरचे अड्याळ हा असावा. मात्र अट एक: मनात येईल ते लिहावे, पण प्रत्येक कल्पनेमागचे कारण द्यावे. अशी कारणे द्यायला शिकलेली मुले उद्या ग्रामसभेत कारणे मागतील. विज्ञानकथेकडून याहून मोठी अपेक्षा मला करता येत नाही.