नाताळची गीते कोणत्या दिवशी थांबावी?



मेंढपाळांनी गव्हाणीत बाळ पाहिले आणि मग ते देवाची स्तुती गात आपल्या कळपांकडे परतले, असे लूककृत शुभवर्तमानात आहे. त्यांचे गायन दर्शनानंतरचे आहे, हे ध्यानात घ्यावे.

अमेरिकेतील पुष्कळ रेडिओ केंद्रांची रीत ह्याच्या उलट आहे. नोव्हेंबराच्या मध्यापासून, कित्येकदा त्याहीपूर्वी, ती रात्रंदिवस नाताळची गीतेच लावितात. गीतांचे तुकडे ऐकवून श्रोत्यांची आवड आधीच अजमावलेली असते, कारण श्रोते वाढले की जाहिरातीचे मोल वाढते. म्हणून तीच ती गीते फिरून फिरून लागतात. त्यांत बर्फ व घंटा पुष्कळ, गव्हाण थोडी. आणि २५ डिसेंबर सरला की बहुतेक केंद्रे नेहमीच्या संगीताकडे वळतात. मंडळीच्या प्राचीन पंचांगाप्रमाणे तर त्या दिवशी सणास आरंभ होतो व तो ६ जानेवारीपर्यंत चालतो! आधीचे चार रविवार वाट पाहण्याचे होत. आम्ही त्या केंद्रांस दोष देत नाही. दुकानदाराने गिऱ्हाइकाची मर्जी राखावी, हे साहजिक आहे. उपासना मात्र दुकान नव्हे.

इंग्लंडात बी.बी.सी.ने केंब्रिज येथील किंग्ज कॉलेजातील नाताळच्या पूर्वसंध्येची उपासना १९२८ साली प्रथम ऐकविली, आणि १९३० खेरीज ती दर वर्षी ऐकविली जाते. तीत नऊ शास्त्रपाठ असतात. पहिला आदामाच्या पतनाचा, शेवटला योहानाच्या पहिल्या अध्यायाचा. पाठ ठरलेला, आणि गीत त्यामागून येणारे. ह्या उपासनेचे मूळ १८८० साली ट्रुरो येथे, मोठे मंदिर बांधून होण्यापूर्वी, एका लाकडी मांडवात आहे. आमच्या पत्र्याच्या छपराखाली बसणाऱ्यांनी हे जरूर ऐकावे.

उपदेशक बंधूंनो, गीतांची यादी तुमच्या हाती आहे. ज्या चालीवर तरुणांच्या टाळ्या पडतात, ती निवडण्याचा मोह होतो. आधी पाठ ठरवा, मग भजन. आणि दुसरी गोष्ट अधिक निकडीची आहे. पुष्कळ गावांतील कुटुंबे ह्या दिवसांत ऊसतोडीस गेलेली असतात. गावात नाताळ होतो तेव्हा ती फडात असतात, आणि २६ तारखेस आमचे टाळ खुंटीस लागलेले असतात. सण संपलेला नसता त्यांस गीताविना का ठेवावे? जानेवारीच्या सहा तारखेच्या आत एके सायंकाळी चार गाणारे घेऊन त्यांच्या कोप्यांपुढे जावे. त्यांस पहाटेच्या आधी उठावयाचे असते, म्हणून उशीर करू नये. शिमोन व हन्ना ह्यांचा पाठ वाचावा आणि मग गावे.