न तापविलेला नीलम

दोन नीलम समोर ठेवले आहेत. वजन सारखे, पैलू सारखे, उत्तरेच्या खिडकीतून येणाऱ्या उजेडात दोहोंची निळाई सारखीच मोहक. एक भूगर्भातून निघाला तसा, केवळ कापून घासलेला. दुसरा भट्टीत तापवून काढलेला. पहिल्याची किंमत दुसऱ्याच्या कितीतरी पट. जो फरक डोळ्यांस दिसत नाही त्याचे पैसे द्यावेत काय, आणि दिले तर आपण नेमके काय विकत घेतो, हा प्रश्न केवळ सराफाच्या पेढीवरचा नाही अशी आमची समजूत आहे.

येथे रामनगरात नीलमाचे नाव काढले की ऐकणारा प्रथम जन्मपत्रिका मागतो. पैलतीरावरील काशीत साडेसातीच्या भयाने जेवढे नीलम खपतात तेवढे हौसेने खपत असतील, असे आम्हांस वाटत नाही. शनिमहाराजांस या लेखापुरता दुरून नमस्कार करून आम्ही अलंकारातील नीलमाविषयीच बोलणार आहोत.

नीलम हा कुरुंदाचाच कुलीन भाऊ. ॲल्युमिनियम व ऑक्सिजन यांच्या या स्फटिकात लोह आणि टिटॅनियम यांचा किंचित अंश मिसळला की निळा रंग येतो. पुष्कळ खड्यांत मात्र टिटॅनियम हे रूटाइल नावाच्या खनिजाच्या सूक्ष्म सुयांच्या रूपाने अडकून पडलेले असते, आणि खडा धूसर, दुधाळ दिसतो. तो सोळाशे-सतराशे अंश सेल्सिअसपर्यंत तापविला की सुया विरघळतात, टिटॅनियम स्फटिकात मुरते आणि निळाई उमलते. श्रीलंकेत अशा दुधाळ खड्यांस ‘गेउडा’ म्हणतात. 1970 नंतरच्या दशकात थायलंडचे व्यापारी ते कवडीमोलाने नेऊ लागले आणि निळे करून जगभर विकू लागले. खाण खणणाऱ्यास आपण काय विकले हे ठाऊक नव्हते, अंगठी घेणाऱ्यास आपण काय घेतले हे ठाऊक नव्हते. ज्ञान तेवढे मधल्या माणसाच्या गाठीला होते. आम्हांस दोष दिसतो तो येथे. भट्टीने स्वतः कोणाचे वाईट केले नाही. बेताच्या मिळकतीच्या माणसालाही मुलीच्या बोटात निळा खडा घालता येऊ लागला, हे काही थोडे नव्हे.

ही विद्या, निदान तिचा मोह, नवा नाही. गरुडपुराणातील रत्नपरीक्षेत इंद्रनीलाचे वर्णन करताना बजावले आहे की, पारख करण्यासाठी किंवा गुण वाढविण्यासाठी मणी कदापि अग्नीत घालू नये. अग्नीचे प्रमाण न समजल्याने बिघडलेला मणी धारण करणाऱ्यास, तापविणाऱ्यास आणि तापवून घेणाऱ्यास अनर्थकारक ठरतो. त्याच ठिकाणी, शंभरपट दुधात टाकला असता सारे दूध निळे करणाऱ्या ‘महानीला’चेही वर्णन आहे. असे दूध आम्ही कोठे पाहिले नाही आणि पाहण्याची आशाही नाही. परंतु तिघांवर दोष ठेवणारे ते वचन आम्हांस विलक्षण मार्मिक वाटते. कोणी तापवू नये असे सांगावे लागते, याचाच अर्थ कोणी तरी तापवीत होते.

यावर एक आक्षेप निघतो, आणि तो तोलामोलाचा आहे. खडा कापणे हाही संस्कारच नव्हे काय? ओबडधोबड स्फटिकाचा निम्म्याहून अधिक भाग घासून टाकल्यावर जे उरते त्यास ‘नैसर्गिक’ म्हणावयाचे आणि दोन-चार दिवस तापविलेल्यास कृत्रिमतेचा डाग लावावयाचा, हा कोणता न्याय? आमचे उत्तर असे की, पैलू स्वतःची कबुली स्वतःच देतात. कारागिराचा हात लागला आहे हे पोरालाही दिसते. आच मात्र आपले काम करून निघून जाते आणि तिचे श्रेय निसर्गाच्या नावावर जमा होते. फरक हाताळणीत नसून हिशेबात आहे.

रामनगरची रामलीला ज्यांनी पाहिली असेल त्यांस हे चटकन पटेल. महिनाभर चालणाऱ्या त्या लीलेत ध्वनिक्षेपक नाही, विजेचे दिवे नाहीत. मशाली आणि पेट्रोमॅक्स यांच्या उजेडात, हजारोंच्या समुदायापुढे, पोरवयाची स्वरूपे उघड्या गळ्याने संवाद म्हणतात. मागच्या माणसास पुष्कळदा ऐकू येत नाही. म्हणून ‘नेमी’ मंडळी मानसाची पोथी हाती धरून बसतात. हा साधेपणा आपोआप टिकलेला नाही. वीज दाराशी आली असता ती न घेण्याचा निश्चय पिढ्यान्‌पिढ्या करावा लागला. खड्याचेही तसेच आहे. तो तापला नाही यात त्याचे स्वतःचे पुण्य काही नाही. ज्यांच्या ज्यांच्या हातून तो गेला त्यांनी मोह आवरला आणि खरे सांगितले, त्या साखळीचे ते पुण्य आहे.

त्या साखळीची साक्ष कोण देतो? खड्यातील दोष. भिंगाखाली अखंड, परस्परांस साठ अंशांत छेदणाऱ्या रेशमासारख्या सुया दिसल्या तर त्या खड्याने मोठी आच सोसलेली नाही. त्या तुटून ठिपक्या-ठिपक्यांच्या झाल्या असतील, किंवा आतल्या कणाभोवती ताणाने चकतीसारखा तडा गेला असेल, तर भट्टीचा संशय घ्यावा. काश्मिरात पाडरच्या डोंगरात 1881 च्या सुमारास दरड कोसळून जे नीलम उघडे पडले त्यांची मखमली निळाई अशाच अतिसूक्ष्म कणांची देणगी आहे. अगदी निर्मळ खडा पारख्यास प्रथम अस्वस्थ करतो.

येथे आम्हां कारकुनांस एका गोष्टीचे कौतुक वाटते. चांगली प्रयोगशाळा आपल्या प्रमाणपत्रावर ‘हा खडा तापविलेला नाही’ असे लिहीत नाही. ‘तापविल्याची चिन्हे आढळली नाहीत’ असे लिहिते. मंद आचेच्या खुणा कित्येकदा उरतच नाहीत, म्हणून ही सावधगिरी. ‘नोंद आढळत नाही’ आणि ‘नोंद नाही’ यांतले अंतर ज्याने फायलीवर टिपणे लिहिण्यात उमेद घालविली आहे त्यास सांगावयास नको. विकणारा तोंडाने मात्र हे अंतर बुजवून टाकतो.

आता खरी अडचण. काशीत कित्येक पिढ्या राहिलेल्या आमच्या परिचयातील एका मराठी घरात वाटणी झाली. दोघा भावांनी घर घेतले. विधवा बहिणीच्या वाट्यास आजीची नीलमाची अंगठी आली, आणि तिची किंमत अस्सल नीलमाच्या भावाने धरली गेली. पुढे मुलाच्या शिक्षणासाठी बहीण ती विकावयास गेली तेव्हा भिंगाखाली ग्रामोफोनच्या तबकडीवर असाव्यात तशा वक्र रेषा निघाल्या. फ्रान्सच्या व्हर्न्यूइल यांनी 1902 साली ज्वाळेत माणिक घडविण्याची कृती प्रसिद्ध केली, आणि दहाएक वर्षांत त्याच कृतीने निळे खडेही निघू लागले. आजीची अंगठी त्यानंतरची. भाऊ म्हणतात, आम्ही कोणास फसविले? आम्हीही तो अस्सलच समजत होतो.

ते खरे बोलतात, आणि त्यांस लबाड म्हणणे अन्यायाचे होईल. तथापि आमचे मत त्यांच्याविरुद्ध आहे, आणि त्यांनी विचारले तेव्हा आम्ही ते सांगितले. अज्ञान होते तोवर दोष नव्हता. परंतु वाटणी नीलमाच्या नावाने झाली, आणि त्या नावाचा फायदा आजही त्यांच्या घराच्या भिंतींत आहे. कळल्यानंतरचे मौन हे थायलंडच्या त्या मधल्या माणसाच्या मौनाहून वेगळे कसे, हे आम्हांस कोणी दाखवून द्यावे. गुन्हा नाही म्हणून देणेही नाही, असे होत नाही.

धाकट्याने आपल्या हिश्शापुरती रक्कम द्यावयाचे कबूल केले आहे. थोरला अद्याप वकिलास विचारीत आहे. अंगठी बहिणीकडेच आहे. सणावारी ती बोटात घालते, आणि कोणी विचारलेच तर खडा काशीचा नव्हे, भट्टीचा, असे सांगते.