खुब्याचे दुखणे आणि तितिक्षेची मर्यादा

उतारवयात जडणाऱ्या खुब्याच्या दुखण्याकडे श्रद्धावंत कुटुंबांत पुष्कळदा प्रारब्ध म्हणून, म्हणजे पूर्वकर्माच्या ज्या भागाचे फळ सुरू झाले आहे व जो भोगूनच संपतो त्या रूपात, पाहिले जाते आणि ते मुकाट सोसण्याला तितिक्षा मानले जाते. शंकराचार्यांच्या नावे प्रसिद्ध असलेल्या ‘विवेकचूडामणी’त प्रतिकार, चिंता व विलाप न करता दुःखे सहन करणे अशी तितिक्षेची व्याख्या आढळत असल्याने, उपचार घेणे हा तिचा भंग ठरतो काय, हा प्रश्न टाळता येत नाही.

मांडीच्या हाडाचे गोल डोके कटीच्या हाडातील खोबणीत जेथे फिरते, तो सांधा म्हणजे खुबा. हाडांच्या टोकांवरील गुळगुळीत कूर्चा झिजली की जांघेत दुखू लागते आणि मांडी घालून बसणे अवघड होते. दीर्घकाळ घेतलेली स्टेरॉइडे, अतिमद्यपान किंवा जुनी दुखापत यांमुळे मांडीच्या हाडाच्या डोक्याचा रक्तपुरवठा खुंटला, तर ते हाड मृत होऊन ढासळते. हाडे ठिसूळ झालेल्या वृद्धांत साध्या पडण्यानेही मांडीच्या हाडाची मान मोडते. कुल्ल्यातील दुखण्याचे मूळ मात्र कित्येकदा कंबरेच्या मणक्यांत असते. एकाच ठिकाणच्या वेदनेची कारणे इतकी भिन्न असताना ‘भोग’ या एका शब्दाने निदान होत नाही.

चरकसंहिता दैव, म्हणजे पूर्वजन्मीचे कर्म, आणि पुरुषकार, म्हणजे या जन्मीचा प्रयत्न, या दोहोंवर आयुष्य अवलंबून मानते व सारेच नियत असते तर औषधाला अर्थ उरला नसता, असा युक्तिवाद करते. काही व्याधी कर्मक्षयानंतरच शमतात, हेही ती मान्य करते. परंतु समोरची व्याधी त्यांपैकी आहे की नाही, हे उपचार केल्यावाचून ठरवता येत नाही.

वजन कमी करणे, स्नायूंना बळ देणारे व्यायाम, दुखऱ्या बाजूच्या विरुद्ध हातात काठी आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने वेदनाशामके हे सांध्याच्या झिजेवरील पहिले उपाय होत. ते अपुरे पडल्यास सांधा बदलता येतो. या शस्त्रक्रियेचे आधुनिक रूप जॉन चार्नली यांनी 1962 मध्ये इंग्लंडात सिद्ध केले. कृत्रिम सांधाही कालांतराने झिजतो, म्हणून लौकिक उपाय दुःखाचा आत्यंतिक, म्हणजे कायमचा, नाश करीत नाहीत, हे सांख्य दर्शनाचे म्हणणे येथेही खरे ठरते. तथापि, अंतिम नसलेला उपाय निरुपयोगी नसतो. उपचारानंतर जे उरते, तेच तितिक्षेचे खरे क्षेत्र होय.

शिवाय, मोक्षार्थी साधकाने स्वतःसाठी स्वीकारलेले व्रत दुसऱ्यावर लादता येत नाही. घरातील वृद्धेला ‘आता वय झाले, भोग आहेत’ असे सांगणाऱ्याची ती तितिक्षा नव्हे, उपेक्षा होय. पडल्यानंतर पाय टेकवत नसेल, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे आणि जांघेतील दुखणे काही आठवडे टिकले, तर तपासणी करून घ्यावी. धर्मविचार याच्या आड येत नाही.