दप्तर लावावें तें कोणासाठीं?

‘दप्तर’ हा शब्द फारसींतून आपल्याकडे आला आणि चांगला रुळला. एके काळीं तो उच्चारला म्हणजे राज्याचा सारा कारभार डोळ्यांपुढें उभा राही. आतां तो शाळकरी मुलाच्या पाठीवर तेवढा उरला आहे. शब्दांना असे उतरते दिवस येतात, त्याचा खेद मानण्याचें कारण नाहीं. परंतु शब्द लहान झाला तरी त्यामागची वस्तु लहान झालेली नाहीं. उलट ती अतोनात वाढली आहे. ज्या घरांत पन्नास वर्षांपूर्वीं एक लोखंडी पेटी आणि तींत दहावीस कागद एवढेंच दप्तर असे, त्या घरांत आज प्रत्येक माणसाच्या खिशांत हजारों कागद, चित्रें, पावत्या आणि पत्रें भरलेलीं आहेत. त्यांतलीं कांहीं मोबाइलच्या पोटांत, कांहीं गुगल ड्राइव्हवर, कांहीं आयक्लाउडमध्यें किंवा ड्रॉपबॉक्समध्यें, कांहीं व्हॉट्सॲपच्या संभाषणांत, तर कांहीं आतां चालूहि न होणाऱ्या एखाद्या जुन्या फोनमध्यें. पेशव्यांच्या दप्तरखान्यालाहि हेवा वाटावा असा हा पसारा आहे. पण त्याला दप्तरदार मात्र नाहीं. या पसाऱ्याची व्यवस्था लावणें ही केवळ सोयीची गोष्ट आहे, कीं तींत कांहीं कर्तव्यहि आहे, हा प्रश्न आम्हांस येथें विचारांत घ्यावयाचा आहे.

प्रचलित मत असें दिसतें कीं, ही ज्याच्या त्याच्या स्वभावाची गोष्ट आहे. कोणाला टापटीप प्रिय असते, कोणाला पसाऱ्यांतच सुख वाटतें. यांत नीतीचा प्रश्न आला कोठून? या मताला नव्या यंत्रांनीं मोठेंच पाठबळ दिलें आहे. पूर्वीं कागद न लावणाऱ्याला तो वेळेवर सांपडत नसे आणि आळसाची शिक्षा त्याची त्याला मिळे. आतां तसें राहिलें नाहीं. २००४ सालीं गुगलनें जीमेल ही टपालसेवा सुरू केली तेव्हां तिचा एक मोठा गुण म्हणून हेंच सांगण्यांत आलें कीं, पत्रें लावीत बसण्याचें कारण नाहीं. चार अक्षरें टंकलीं कीं हवें तें पत्र समोर येतें. आज तर चित्रांतील चेहरेसुद्धां यंत्र ओळखतें. मग मांडणीचे कष्ट घ्यावे कशाला? आक्षेप वरवरचा नाहीं, आणि त्याचें उत्तर आम्ही ज्या पेठेंत राहतों तेथील व्यापाऱ्यांच्या वह्यांत आम्हांस सांपडतें.

शाहूपुरी ही राजर्षि शाहू महाराजांनीं १८९५ सालीं व्यापारासाठीं वसविलेली पेठ; गुळाच्या अडतीनें ती नांवारूपाला आली. अडतीच्या दुकानांत दोन वह्या शेजारीं शेजारीं असावयाच्या: एक कीर्द आणि दुसरी खतावणी. कीर्दींत दिवसाचा व्यवहार जसा घडला तसा एकाखालीं एक उतरत असे. अमक्याचे गुळाचे रवे आले, तमक्याला उचल दिली, हमाली चुकती केली. खतावणींत तोच व्यवहार माणसामाणसाच्या खात्यावर मांडला जाई. कीर्द लिहिण्यास डोळे उघडे असले म्हणजे पुरे. खतावणीला निर्णय लागतो, कारण ही रक्कम कोणाच्या नांवें टाकावयाची हें दर वेळीं ठरवावें लागतें. आपला मोबाइल ही एक उत्तम कीर्द आहे. कोणत्या दिवशीं, कोणत्या घटकेला काय आलें, तें तो न चुकतां नोंदतो. खतावणी मात्र तो लिहीत नाहीं. शोधयंत्र ही कीर्द विलक्षण वेगानें चाळून देतें खरें. पण चाळावयाचें काय, हें ज्याला ठाऊक आहे त्यालाच. मालकाला तें ठाऊक असतें. मालकाच्या पश्चात् जो गादीवर येऊन बसतो, त्याला कोणाचें येणें आहे आणि कोणाचें देणें आहे येथूनच विचारावयाचें असतें, आणि त्याचें उत्तर खतावणीशिवाय मिळत नाहीं. शोध हा आपल्या स्वतःच्या स्मृतीला आधार आहे. मांडणी हा दुसऱ्याच्या अज्ञानाला आधार आहे. म्हणूनच मांडणीचा प्रश्न केवळ स्वभावाचा राहत नाहीं.

कागद सांभाळणें किती कठिण आहे, हें कोल्हापूरकरांना निराळें सांगावयास नको. राजाराम बंधाऱ्यापाशीं पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट धरलेली आहे. २०१९ च्या ऑगस्टांत पाणी ५५ फुटांच्या वर गेलें, आणि २०२१ च्या जुलैमध्यें तें ५६ फुटांवर पोंचलें. शाहूपुरींतील कुंभार गल्लींत शिरलेल्या पाण्यानें गणपतीच्या मूर्तींची जी माती केली ती सर्वांनीं पाहिली. कपाटांतल्या कागदांचा झालेला लगदा मात्र घरोघरीं मुकाट्यानें उपसला गेला. त्यानंतर पुष्कळांनीं उरलेसुरले कागद मोबाइलवर टिपून क्लाउडवर चढविले. त्यांचें कांहीं चुकलें नाहीं. जें पाण्याला भिजवितां येत नाहीं तें पाण्यापासून सुरक्षित आहे, याबद्दल वाद नाहीं.

तथापि आमच्या परिचयाच्या एका कुटुंबाची हकीकत याच संदर्भांत सांगण्यासारखी आहे. कुटुंबप्रमुख गृहस्थ अत्यंत व्यवस्थित. पहिल्या पुरानंतर त्यांनीं घरांतला कागद न् कागद टिपून घेतला, वर्षवार लावला, प्रत्येकाला नांव दिलें. त्यांत विम्याचे आणि ठेवींचे कागद होते, घराचें खरेदीखत होतें, आणि त्यांच्या आईनें म्हातारपणीं गुणगुणलेल्या जात्यावरच्या ओव्याहि त्यांनीं ध्वनिमुद्रित करून ठेवलेल्या होत्या. एके दिवशीं ते अकस्मात् गेले. मोबाइलचें कुलूप कोणाला उघडतां येईना. खात्याचा पासवर्ड विचारावा तर खात्री करून घेण्याचा आंकडा त्याच बंद मोबाइलवर येणार. पत्नी आणि कन्या यांनीं महिनोन् महिने खेटे घातले. ठेवींवर वारस नेमलेला होता, म्हणून पैसा अखेर मिळाला. खरेदीखताची नक्कलहि सरकारी दप्तरांतून निघाली. ओव्या मात्र मिळाल्या नाहींत. ज्या नातीला आपल्या आजीचा आवाज पुन्हा ऐकावयाचा होता तिला तो ऐकतां आला नाहीं, आणि यापुढें ऐकतां येईल असें दिसत नाहीं.

या हकीकतींतील बोध आळशांसाठीं नाहीं, टापटिपीच्या माणसांसाठीं आहे. त्या गृहस्थांचें दप्तर उत्तम लागलेलें होतें. पण तें त्यांच्या एकट्यासाठीं लागलेलें होतें. ज्या वस्तूला आपण आपली म्हणतों ती पुष्कळदां आपल्या एकट्याची नसते. आजीचा आवाज जितका मुलाचा तितकाच नातीचा. मुलाकडे तो होता तो मालक म्हणून नव्हे, तर ठेव सांभाळणारा म्हणून. आणि ठेव सांभाळणाऱ्याचें काम ती नुसती सुरक्षित ठेवण्यानें संपत नाहीं; ती ज्याची त्याला पोंचेल अशी तजवीज करणें हेंहि त्याच कामांत मोडतें.

कोणी म्हणेल, आपल्या पूर्वजांनीं अशी कोणती तजवीज केली होती? त्यांचे कागद तर माळ्यावर धूळ खात पडले, आणि तरी आपणांस मिळालेच कीं! हें खरें आहे. इतिहासाचार्य राजवाड्यांनीं गांवोगांव हिंडून जे कागद जमविले आणि १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या नांवानें जे बावीस खंड प्रसिद्ध केले, त्यांतील किती तरी कागद कोणीं मुद्दाम जपले म्हणून नव्हे, तर कोणीं टाकून दिले नाहींत म्हणून उरले होते. पुण्याच्या पेशवे दप्तरांतून रियासतकार सरदेसायांनीं १९३० ते १९३४ या काळांत पंचेचाळीस भाग निवडून काढले, तेहि शतकाहून अधिक काळ रुमालांत बांधून पडलेल्या कागदांतून. कागद हा विस्मृति सहन करतो. वाळवी आणि पाणी यांच्या तडाख्यांतून सुटला तर शंभर वर्षें कोणीं न पाहिलें तरी तो आहे तसा असतो. त्याला कुलूप असलेंच तर तें मोडी लिपीचें. आणि लिपि हें असें कुलूप आहे कीं, त्याची किल्ली कोणालाहि शिकतां येते. पासवर्ड शिकतां येत नाहीं.

क्लाउडचा स्वभाव नेमका उलट आहे. नांव मेघाचें असलें तरी वस्तु आकाशांत नाहीं. ती कोठल्या तरी इमारतींत, परक्याच्या यंत्रांवर, परक्याच्या अटींवर ठेवलेली आहे. गुगल पंधरा गिगाबाइट जागा फुकट देते, पण त्या जागेंत पत्रें, चित्रें आणि कागद सर्वांनींच दाटीवाटीनें राहावयाचें. आणि चित्रांना पूर्वीं दिलेली सवलत १ जून २०२१ पासून नव्या चित्रांपुरती बंद झाली. २०२३ सालीं त्याच कंपनीनें असें जाहीर केलें कीं, दोन वर्षें न वापरलेलें वैयक्तिक खातें त्यांतील मजकुरासह काढून टाकतां येईल. माळ्यावरचा कागद आपण विसरलों तरी तो आपली वाट पाहत असे. हा कागद आपण विसरलों कीं नाहींसा होऊं शकतो. कालिदासाच्या यक्षानेंहि आपला निरोप मेघाच्याच हवालीं केला होता. पण त्यानें आधीं रामगिरीपासून अलकेपर्यंतची वाट सविस्तर सांगितली, आपल्या घराच्या खुणा सांगितल्या आणि निरोप कोणाला द्यावयाचा तेंहि सांगितलें. आपण मेघावर निरोप लादतों आणि पत्ता सांगावयाचें विसरतों.

येथें दुसरा आणि अधिक नाजूक आक्षेप संभवतो. माणसाच्या आयुष्यांत एखादा कोपरा त्याचा स्वतःचा असूं नये काय? आपलें सर्व दप्तर वारसांपुढें उघडें टाकणें हें कर्तव्य कसें? आम्ही म्हणतों, तें कर्तव्य मुळींच नाहीं. आणि म्हणूनच निवड आवश्यक आहे. जो कांहींच निवडीत नाहीं त्याच्यापुढें दोनच मार्ग उरतात: सर्व कुलुपांत घालून वारसांना उपाशी ठेवणें, किंवा सर्व उघडें टाकून आपली आणि ज्यांनीं आपणांस विश्वासानें पत्रें लिहिलीं त्यांचीहि लाज वाऱ्यावर सोडणें. जुन्या घरांना ही निवड कळत होती. मृत्यूची वार्ता आणणारें पत्र वाचून झालें कीं फाडून टाकीत. जमिनीचा कागद मात्र पेटींत तळाशीं जाई. सांठविणें आणि जपणें यांत हाच भेद आहे. सांठविण्याला जागा पुरते. जपण्याला काय टाकावयाचें हें कळावें लागतें. रोज सकाळीं येणाऱ्या सुप्रभाताच्या फुलांखालीं ज्याचे आईचे शेवटचे चार शब्द गाडले गेले आहेत, त्यानें सर्व कांहीं सांठविलें आहे, पण जपलें कांहींच नाहीं.

मग प्रत्यक्षांत करावें काय? आमच्या मतें तीन गोष्टी पुरेशा आहेत. पहिली नांवाची. यंत्रानें दिलेला आंकडा हें नांव नव्हे. आधीं साल, मग विषय आणि मग माणूस, असें नांव असावें कीं, तें परक्यालाहि वाचतां यावें. दुसरी ठिकाणाची. एका जातीचा कागद एकाच जागीं असावा, आणि जो पुन्हा मिळणार नाहीं त्याची एक प्रत घराबाहेर, दुसऱ्या गांवीं असावी. पुन्हा मिळणाऱ्या कागदांची फार काळजी नको. २०१५ सालीं सरकारनें सुरू केलेल्या डिजिलॉकरमधून वाहन चालविण्याचा परवाना किंवा गुणपत्रिका पुन्हा काढतां येते, आणि तेथून मिळालेला कागद कायद्यानें मूळ कागदाच्या तोडीचा मानला आहे. काळजी घ्यावयाची ती पत्रांची, चित्रांची आणि आवाजांची. तिसरी गोष्ट वाटेची. आपल्या मागें खातें कोणाच्या हातीं जावें हें सांगून ठेवण्याची सोय गुगलनें २०१३ पासून आणि ॲपलनें २०२१ च्या अखेरीपासून ठेवलेली आहे. आपल्या देशांतहि २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यांत आपल्या पश्चात् आपले हक्क बजावण्यासाठीं माणूस नेमण्याची तरतूद आहे. हीं कामें पंधरावीस मिनिटांचीं आहेत. पण तीं करतांना आपल्या मरणाची कल्पना मनांत आणावी लागते, आणि बहुतेक दप्तरें अडून राहतात तीं वेळेच्या अभावीं नव्हे, तर या एका संकोचापायीं.

दिवाळीच्या पाडव्याला व्यापारी नवी वही उघडतो तेव्हां जुनी वही तो सबंध उतरून काढीत नाहीं. मागची बाकी तेवढी तो पुढें ओढतो, आणि ती ओढण्यापूर्वीं जुन्या वर्षाचा एकदां नीट हिशेब करतो. गृहस्थानेंहि वर्षांतून एक दिवस असा काढावा. त्या दिवशीं जें टाकावयाचें तें स्वतःच्या हातानें टाकावें, जें ठेवावयाचें त्याला नांव द्यावें, आणि मग आपला मोबाइल घरांतल्या दुसऱ्या माणसाच्या हातीं देऊन आपण कांहीं न सांगतां बाजूस बसावें. त्या माणसाला हवा तो कागद सांपडला तर दप्तर लागलें असें समजावें. न सांपडला तर तें अजून आपल्या एकट्याचेंच आहे, आणि त्या दिवसाचें काम बाकी राहिलें आहे.