चुकलेला शब्द आणि हसणारे आपण

शासकीय सेवेतून निवृत्त झालेल्या माणसाजवळ दोन गोष्टी हमखास शिल्लक राहतात : लाल शाईचे पेन आणि रिकामा वेळ. या दोहोंच्या संयोगातून काय अनर्थ ओढवतो, ते आमच्या इंदूरच्या हौशी कथालेखकांना विचारावे. परिचितांच्या एका छोट्याशा कथावाचन-बैठकीसाठी येणाऱ्या कथा आधी वाचून पाहण्याचे काम गेली काही वर्षे माझ्याकडे आहे. पस्तीस-छत्तीस वर्षे हिंदीतून टिपणे लिहिणाऱ्या माणसाला मराठीच्या शुद्धाशुद्धतेचा निवाडा करण्याचा अधिकार काय, असा प्रश्न सुज्ञ वाचकांच्या मनात येईल. तो माझ्याही मनात येतो. परंतु हे काम दुसरे कोणी पत्करीत नाही, एवढाच माझा अधिकार.

या कामात करमणूक मात्र भरपूर होते. एका कथेत नववधू माप ओलांडून ‘ग्रहप्रवेश’ करते. कोणत्या ग्रहावर, ते लेखकाने सांगितलेले नाही. दुसऱ्या कथेतील नायिका, पती दहा वर्षे सतत आपली ‘अपेक्षा’ करीत आला म्हणून त्रासून माहेरी निघून जाते. लेखकाला ‘उपेक्षा’ म्हणायचे होते हे उघड आहे. पण त्या पतीचे एकंदर वर्तन वाचल्यावर, अपेक्षांना कंटाळूनही ती गेली असती तर नवल नव्हते, असे मला वाटले. तिसऱ्या कथेतील आजोबा ‘आसनमरण’ अवस्थेत होते. त्यांचे मरण आसन्न, म्हणजे जवळ आलेले होते, एवढाच याचा अर्थ. परंतु आसनासाठी प्राण द्यायला निघालेली माणसे मी नोकरीत जवळून पाहिली असल्यामुळे, प्रथमदर्शनी मला त्यात काही वावगे दिसले नाही. आणि ‘स्वातंत्र्यदीन’ तर दर ऑगस्टमध्ये कुठल्या ना कुठल्या फलकावर भेटतोच. दिनाचा दीन झाला, की उत्सवाचा दिवस एकदम दारिद्र्यात जाऊन पडतो.

चिता आणि चिंता यांत एका बिंदूचेच काय ते अंतर, हे जुन्या सुभाषितकाराने सांगूनच ठेवले आहे. आणखी एका सुभाषितात पिता पुत्राला विनवतो की, बाबा रे, फार शिकला नाहीस तरी चालेल, पण व्याकरण तेवढे शिक. नाहीतर तुझ्या तोंडी ‘स्वजना’चे ‘श्वजन’ होतील. आपले आप्त म्हणजे कुत्र्यांचा समुदाय होऊ नये, यासाठी व्याकरण! शब्दांच्या या गोंधळाला हसण्याची परंपरा अशी फार जुनी आहे. पण ते हसणे योग्य असते काय, हा प्रश्न मला अलीकडे सतावू लागला आहे. त्याचे कारण पुढे सांगतो.

आपण महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्पिढ्या राहिलेली माणसे. त्यामुळे आपल्या लेखनात चुकांचा आणखी एक खास वर्ग आढळतो. शब्द तोच, अक्षरे तीच. पण अर्थ घराबाहेर एक आणि घरात दुसरा. हिंदीत ‘चेष्टा’ म्हणजे प्रयत्न आणि मराठीत थट्टा. ‘बुडणाऱ्या मुलाला वाचवण्याची आईने खूप चेष्टा केली’ हे वाक्य आमच्या बैठकीत अत्यंत गंभीर चेहऱ्याने वाचले गेले आहे. हिंदीत ‘समाधान’ म्हणजे तोडगा. त्यामुळे एका कथेत फौजदाराने खुनाच्या प्रकरणाचे ‘समाधान’ केले. प्रकरण संतुष्ट झाले असेल, मृताच्या नातेवाइकांचे काय, ते कळले नाही. ‘यातायात’ हा शब्द मात्र मी कधी दुरुस्त करीत नाही. हिंदीत त्याचा अर्थ वाहतूक आणि मराठीत दगदग. पण संध्याकाळी राजवाड्याच्या चौकातून स्कूटर काढून पाहावी, दोन्ही भाषांचे एकमत होते.

या जातीची चूक मीही केलेली आहे. 1977 साली हायर सेकंडरीची परीक्षा झाल्यावर मला पुढील शिक्षणासाठी पुण्यास पाठवावे, असे घरात घाटत होते. वडिलांनी मलाच पत्र लिहायला बसवले. मी पुण्याच्या काकांना लिहिले, ‘मला पुण्यात चांगली शिक्षा मिळावी, अशी बाबांची फार इच्छा आहे.’ आठवड्याभरात काकांचे पोस्टकार्ड आले : ‘अनेक आशीर्वाद. पत्र पावले. शिक्षेची व्यवस्था होईल. गुन्हा काय केलास, तेवढे उलटटपाली कळवावे.’ घरात जो हशा पिकला, तो अजून कानांत आहे. परंतु त्याच कार्डाच्या कडेला, बारीक अक्षरांत, काकांनी शिक्षा आणि शिक्षण यांतील फरक लिहिला होता आणि शेवटी ‘आलास की दोघे कोश उघडून बसू’ असे आश्वासन होते.

ते त्यांनी पाळले. त्यांच्याकडे दाते-कर्वे यांच्या ‘महाराष्ट्र शब्दकोशा’चे सातही खंड होते. रात्रीच्या जेवणानंतर एखादा खंड निघे आणि एकेका शब्दाचा माग काढता काढता अकरा वाजत. माझा शब्द अगदीच अनाथ नव्हता, हेही त्यांनीच मला सांगितले. सहा वेदांगांपैकी एकाचे नावच ‘शिक्षा’ आहे आणि ते उच्चारांचे शास्त्र आहे. म्हणजे मूळ अर्थ शिकवण्याचाच. हिंदीने तो जपला. मराठीत त्याचा दंड झाला. काकांचे मत असे की, आपल्याकडच्या पंतोजींनी शतकानुशतके छडी हाती धरून शिकवल्यामुळे, या दोन क्रिया वेगळ्या आहेत हे विद्यार्थ्यांच्या ध्यानातच आले नसावे. व्युत्पत्ती म्हणून हे कोणी ग्राह्य धरू नये. पण पाठीला पटणारी आहे खरी.

तर मग शब्द चुकला तरी काही बिघडत नाही, असे म्हणायचे काय? तसे म्हणण्याची सोय माझ्या नोकरीने ठेवलेली नाही. एका कार्यालयात असताना आमच्या एका भृत्याच्या वैद्यकीय देयकाचे प्रकरण मंजुरीसाठी पडून होते. त्यासंबंधी वरिष्ठ कार्यालयाला जे पत्र गेले, त्यात प्रकरण ‘लंबित’ आहे असे लिहायचे होते. टंकलेखनात ‘निलंबित’ उमटले आणि वाक्याची मोडणी अशी झाली की, प्रकरणाऐवजी तो माणूसच निलंबित ठरला. दोन महिने त्याचे वेतन अडले. किराणा दुकानदाराने उधारी बंद केली, तेव्हा तो माझ्या टेबलापुढे येऊन उभा राहिला. पत्राखाली स्वाक्षरी माझी होती. एका ‘नि’ने एका घरातली चूल थंडावली आणि ती ‘नि’ मी न वाचता पुढे पाठवली होती. त्या दिवशी कार्यालयात कोणी हसले नाही.

म्हणून शब्दाची चाड बाळगणे हा पंडिती षोक आहे, असे मी मानत नाही. कथेतही तेच. लेखक वाचकाला हात धरून नेत असतो. ऐन वळणावर चुकीचा शब्द आला की वाचकाचा हात सुटतो. चूक दाखवलीच पाहिजे. प्रश्न आहे तो कशी, केव्हा आणि कशाच्या मोबदल्यात, याचा.

आता ज्या प्रसंगामुळे हे लिहायला बसलो, तो सांगतो. काही वर्षांपूर्वी सत्तरीच्या घरातील एका बाईंनी बैठकीसाठी कथा दिली. आयुष्यातली पहिलीच. बारा पाने, वहीच्या कागदावर, दोन्ही बाजूंनी लिहिलेली. अकाली वैधव्य आलेली एक स्त्री शिवणयंत्रावर संसार ओढते आणि मुलाला शिकवते. शेवटी मुलगा पहिला पगार आईच्या पायांशी ठेवतो आणि गहिवरून म्हणतो, ‘आई, मी जन्मभर तुझा कृतघ्न राहीन.’

त्या दिवशी घसा बसल्यामुळे बाईंनी कथा मला वाचायला दिली होती. तो शब्द मी आदल्या रात्रीच पाहिला होता. निमूटपणे ‘कृतज्ञ’ असे वाचून पुढे जाणे माझ्या हाती होते. मी तसे केले नाही. मी क्षणभर थांबलो, चष्म्यावरून सभेकडे पाहिले आणि लिहिले होते तसेच, एकेक अक्षर सुटे करून वाचले. सभा खदखदून हसली. मीही हसलो. बाईही हसल्या, पदर तोंडाला लावून. पुढे चहा झाला आणि चहाभर कथेबद्दल जे काही बोलले गेले, ते त्या एका शब्दाबद्दल. ‘निदान मुलगा खरे तरी बोलला’ हा विनोद दोघातिघांनी स्वतंत्रपणे केला.

त्यानंतर बाई बैठकीला आल्या नाहीत. दोन-तीन महिन्यांनी मी त्यांच्या घरी गेलो. त्यांनी आस्थेने बसवले, पोहे केले. मी चाचरत क्षमा मागितली. त्या म्हणाल्या, ‘अहो, शब्द चुकला हे खरेच. पुढच्या वेळी कोणाला तरी दाखवून घेईन. त्याचे काही नाही. पण बारा पाने होती हो. त्या एका ओळीखेरीज बाकीच्यांबद्दल कोणी काहीच बोलले नाही. बरी होती की वाईट, तेही नाही.’

यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते. कारण ती बारा पाने मी वाचली होती ती चुका शोधण्यासाठी. शिवणयंत्राच्या पायटीचा आवाज थांबला की पाळण्यातले मूल जागे होई, म्हणून ती स्त्री काम नसतानाही यंत्र चालवीत राहते, असा एक प्रसंग त्या कथेत होता. तो मला आज आठवतो. त्या दिवशी सभेला सांगावा असे सुचले नाही.

मग मला सातवाहन राजाची कथा आठवली. ‘कथासरित्सागरा’त सोमदेवाने ती सांगितली आहे. प्रतिष्ठानचा, म्हणजे आपल्या पैठणचा हा राजा राण्यांसह जलक्रीडा करीत असता, थकलेली एक राणी त्याला म्हणाली, ‘मोदकैः’ मारू नका. ‘मा उदकैः’ या दोन पदांचा तो संधी होता : पाणी उडवू नका. राजाला संधी कळला नाही. त्याने मोदक आणवले! राणी हसली आणि त्याला व्याकरण येत नाही असे चारचौघांत बोलली. राजा लाजेने असा खचला की, त्याने अन्नपाणी व बोलणे सोडले. पुढे गुणाढ्य म्हणाला, सहा वर्षांत व्याकरण शिकवीन. शर्ववर्मा म्हणाला, सहा महिन्यांत. शर्ववर्म्याने पैज जिंकली आणि ‘कातंत्र’ हे सुटसुटीत व्याकरण जन्माला आले.

येथवर कथा हसणाऱ्यांच्या बाजूची आहे. राणी हसली म्हणून राजा शिकला. माझ्याही मनाने प्रथम हीच पळवाट शोधली. परंतु कथा तेथे संपत नाही. पैज हरलेल्या गुणाढ्याने संस्कृत, प्राकृत आणि देशी या तिन्ही भाषा सोडल्या. तो विंध्याच्या अरण्यात गेला आणि उरलेल्या पैशाची भाषेत त्याने सात लक्ष श्लोकांची ‘बृहत्कथा’ रचली. ती राजाकडे पाठवली, तेव्हा व्याकरणसंपन्न झालेल्या राजाने काय करावे? भाषा पैशाची, लेखन रक्ताने केलेले, एवढे पाहून त्याने ग्रंथ परत धाडला. गुणाढ्याने एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवत अग्नीत टाकले. राजाला उमज पडून तो धावत आला, तेव्हा सहा लक्ष श्लोक जळून गेले होते. जे उरले, तेही मूळ रूपात आज उपलब्ध नाही.

एका शब्दासाठी ज्याला हसले गेले, तोच पुढे भाषेकडे बोट दाखवून न वाचता ग्रंथ नाकारतो. पोस्टकार्डाच्या कडेला दोन ओळी लिहिणारा काका त्याला मिळाला नव्हता, असे मला वाटते. मला तर तो मिळाला होता, आणि तरी मी सभेत जे केले ते केले. काकांचे हसणे मला जवळ ओढणारे होते. माझ्या हसण्याने बाईंना दाराबाहेर ठेवले. आणि खरे सांगायचे तर, बारा पानांवर मत देण्याचे कष्ट त्या हसण्याने वाचवले. एका शब्दाला हसणे सोपे असते. कथा वाचायला वेळ लागतो.

तेव्हापासून मी पेन बदलले आहे. आता शिसपेन वापरतो. कथा प्रथम अथपासून इतिपर्यंत हात न लावता वाचतो. लेखकाला भेटून आधी कथेबद्दल बोलतो आणि मग, चारचौघांत नव्हे, शब्दांकडे वळतो. काही गोष्टींना तर हातच लावत नाही. आपल्या आज्या-पणज्या ‘नांव’, ‘कांहीं’, ‘घरीं’ असे अनुस्वार देऊन लिहीत. 1962 साली साहित्य महामंडळाच्या शुद्धलेखनाच्या नियमांना महाराष्ट्र शासनाची मान्यता मिळाली आणि ते अनुस्वार गेले. पण ज्यांनी ते आधी शिकून घेतले होते त्यांची ती चूक नव्हती, ती त्यांची शाळा होती. अजूनही एखाद्या घरातल्या हातांना त्यांचे वळण आहे. लेखकाला जे म्हणायचे आहे त्याच्या उलट सांगतो तो शब्द चुकला, असे मी समजतो. जो केवळ माझ्या कानाला परका वाटतो, त्याच्याबाबत मी आधी कोश उघडतो.

आपल्या गावांत मराठीत पहिलीच कथा लिहिणारी सत्तरीची माणसे किती उरली आहेत, हे वाचकांना मी सांगायला नको. त्यांचे शब्द चुकतील. ‘कृतघ्न’चे ‘कृतज्ञ’ करायला शिसपेनाचा एक फटका पुरतो. मिटलेली वही उघडायला काय लागते, ते मला अद्याप सापडलेले नाही. त्या बाईंना मी दोनदा विचारले. ‘बघू’, म्हणाल्या. दुसरी कथा अजून आलेली नाही.