आवड कोणाची, निवड कोणाची?



बारावीचा निकाल लागला की घरोघरी एकच विषय असतो : पुढे काय? पूर्वी हा निर्णय वडीलधारी मंडळी घेत आणि मुले मान खाली घालून तो पाळत. आज बहुतेक आईवडील समाधानाने सांगतात, ‘आम्ही सक्ती करीत नाही. त्यांना आवडेल ते शिकू दे.’ हा बदल निश्चितच स्वागतार्ह आहे. परंतु एवढे म्हटल्याने आपली जबाबदारी संपते का? मुलांच्या मनात ती आवड आली कोठून?

मुलगा बिघडलेला मिक्सर उघडून बसला की आपण कौतुकाने म्हणतो, ‘हा इंजिनिअर होणार!’ मुलीने तोच मिक्सर उघडला तर म्हणतो, ‘हात लावू नकोस, शॉक बसेल.’ मुलीने पाहुण्यांना चहा करून दिला की ती गुणाची पोर. मुलगा पीठ मळायला बसला की घरभर हसू. यात कोणाचाही वाईट हेतू नसतो. पण सतरा-अठरा वर्षे हेच ऐकल्यावर आपण त्यांच्यापुढे अर्ज ठेवतो आणि म्हणतो, ‘तुझी आवड लिही.’

मानसशास्त्राने या गोष्टीचा बारकाईने विचार केला आहे. लिंडा गॉटफ्रेडसन या अमेरिकन अभ्यासिकेने १९८१ साली असे मांडले, की साधारण सहा ते आठ वर्षांच्या वयातच मुले ‘हे बायकांचे काम, हे पुरुषांचे काम’ अशी विभागणी करू लागतात आणि कित्येक व्यवसाय मनातून कायमचे वगळून टाकतात. त्याच वर्षी नॅन्सी बेट्झ आणि गेल हॅकेट यांनी कॉलेजच्या मुलामुलींना वीस व्यवसायांची नावे देऊन विचारले, हे तुम्हाला जमेल का? दहा व्यवसाय परंपरेने पुरुषांचे मानलेले, दहा स्त्रियांचे. मुलांचा आत्मविश्वास दोन्हीकडे सारखाच होता. मुलींचा मात्र ‘बायकांच्या’ व्यवसायांत अधिक आणि ‘पुरुषांच्या’ व्यवसायांत कमी. विशेष म्हणजे गणित आणि इंग्रजीच्या क्षमतेत दोघांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. उणीव बुद्धीची नव्हती, ‘मला जमेल’ या विश्वासाची होती.

हा विश्वास कशाने वाढतो, हे अल्बर्ट बंडुरा या मानसशास्त्रज्ञाने सांगितले आहे : स्वतः करून पाहिल्याने, आपल्यासारख्या कोणाला तरी ते करताना पाहिल्याने, इतरांनी धीर दिल्याने आणि मनावरचा ताण हलका झाल्याने. हे चारही मार्ग आपल्या घरातूनच जातात. कलचाचणी मुलाचा कल दाखवते; तो कल घडताना कोणती दारे बंद झाली, हे ती सांगत नाही.

म्हणूनच हा प्रश्न केवळ करिअरचा नाही, न्यायाचा आहे. सक्ती नसणे म्हणजे स्वातंत्र्य नव्हे. ज्या वाटेवर मुलीला कधी पाऊल टाकू दिले नाही, ती तिने निवडली नाही याला तिची निवड कसे म्हणावे?

काहीजण म्हणतील, ‘मुलीला उद्या संसार सांभाळायचा आहे. चर्चगेटची लोकल पकडून रात्री उशिरा परतणारी नोकरी तिला कशाला?’ या चिंतेमागे प्रेम आहे हे मान्य. घरासाठी झीज सोसणे हा मोठा सद्गुण आहे, हेही मान्य. परंतु त्याग स्वखुशीने केला तरच तो त्याग ठरतो. घरातल्या एकाच व्यक्तीकडून, ती मुलगी आहे म्हणून, तो आधीच गृहीत धरला तर तो अन्याय होतो. संसार दोघांचा आहे, तर तो सांभाळण्याचा विचार मुलाच्या करिअरच्या वेळी का होत नाही?

मुलगेही या साच्यातून सुटलेले नाहीत. एखाद्याला आजाऱ्यांची सेवा करायला आवडते, त्याला नर्सिंग शिकायचे असते. एखाद्याला बालवाडीतली लहान मुले आवडतात. ‘एवढ्या पगारात घर कसे चालवणार? मुलगी कोण देणार?’ या दोन प्रश्नांपुढे त्याची आवड मुकाट होते. पगाराच्या आकड्यावर पुरुषाची किंमत ठरवणे हेही माणसाला कमी लेखणेच आहे.

या बाबतीत ख्रिस्तसभेची शिकवण स्पष्ट आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली, स्त्रीला आपली जीवनावस्था निवडण्याचा आणि पुरुषाइतके शिक्षण घेण्याचा हक्क नाकारला जातो याबद्दल खेद व्यक्त केला. पोप फ्रान्सिस यांनी २०१६ सालच्या ‘अमोरिस लेतित्सिया’ या पत्रात इशारा दिला, की स्त्री-पुरुषांविषयीच्या ताठर कल्पनांमुळे मुलांच्या क्षमता खुंटू शकतात. कला वा नृत्य पुरुषी नाही, नेतृत्व बाईला शोभत नाही, असे त्यांना वाटू लागते.

संत एडिथ स्टाइन हिचे जीवन याची साक्ष देते. तत्त्वज्ञानात १९१६ साली डॉक्टरेट मिळवूनही स्त्री म्हणून जर्मनीतील विद्यापीठात प्राध्यापकीचा मार्ग तिला बंद झाला. तिने सरकारकडे दाद मागितली आणि १९२० साली, स्त्री असणे हा यात अडथळा मानू नये, असा निर्णय मिळवला. तिला स्वतःला ते पद मिळाले नाही. वाट मात्र इतरांसाठी मोकळी झाली. स्त्री आणि पुरुष यांच्या स्वभावात भेद आहे असे ती मानत असे. तरीही स्त्री करू शकणार नाही असा कोणताही व्यवसाय नाही, कारण प्रत्येक व्यक्तीला मिळालेली देणगी वेगळी असते, असे तिने आपल्या व्याख्यानांत मांडले.

शिक्षिका, परिचारिका किंवा गृहिणी होणे कमी प्रतीचे आहे, असा याचा अर्थ मुळीच नाही. या सेवेवर आपली किती घरे, शाळा आणि दवाखाने उभे आहेत! ती डोळसपणे निवडलेली असावी, एवढेच.

मत्तयच्या शुभवर्तमानातील तालांतांचा दाखला आपल्याला पाठ आहे. तिसऱ्या दासाने धन्याचा तालांत जमिनीत पुरला, तो भीतीपोटी. त्याला आपण दोष देतो. पण आपल्या मुलांच्या हाती पुरण्यासाठी कुदळ कोणी दिली, हेही कधी तरी स्वतःला विचारू या.

यंदा अर्ज भरण्यापूर्वी तीन गोष्टी करून पाहा. मुलाला जे प्रश्न विचारता तेच मुलीला विचारा, आणि मुलीला जे विचारता ते मुलाला. ज्या व्यवसायाचे नाव घरात कधी निघालेच नाही, त्यातल्या एखाद्या व्यक्तीशी मुलांची भेट घालून द्या. आणि ‘तुला हे जमणार नाही’ असे म्हणण्याआधी त्यांना एकदा करून पाहू द्या. विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, तुम्हीही ‘मला हे नको’ असे म्हणताना क्षणभर थांबा : ते खरोखर नको आहे, की कोणी तरी ‘ते तुझ्यासाठी नाही’ असे सांगून ठेवले आहे?

देवाने प्रत्येकाला नावाने हाक मारली आहे. ती हाक मुलांना नीट ऐकू यावी एवढी शांतता आपल्या घरात असू दे.